एक पायरी

वेल्डरच्या घरी गाडी एकच, डिझेलची पिकअप. मागे हौद्यात लोखंड, पुढे शेजारी बायको. कामालाही तीच आणि बाजारहाटालाही तीच. गुडघा धरून वर चढताना बायको रोज करवादायची, "गाडी आहे की माळा? जगाला जिने करून देता, माझ्या दाराखाली एक पायरी लावा की!"

"या रविवारी नक्की," तो म्हणायचा.

बायको दवाखान्यात गेली, तेव्हा कुठे त्याला मुहूर्त सापडला. तिला घरी सोडायच्या दिवशी सकाळीच त्याने पायरी जोडली, तांबडा रंग दिला आणि पिकअप दवाखान्याच्या दाराला अगदी खेटून उभी केली.

मेहुणा एकटाच खाली आला. बराच वेळ त्या ओल्या पायरीकडे बघत राहिला.


"दाजी, मागचा फाळका उघडा."