राखण

थोरला राजेश गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणायला खाली गेला आणि लिफ्टचं दार लागल्याचा आवाज येताच शेवंतीने धाकट्या मुलाला खूण केली. निलेशने कापडी पिशवीचं तोंड सोडलं. आतून तांबड्या तुऱ्याचा कोंबडा मान वर काढून इकडेतिकडे बघू लागला.

"बेगीन कर," ती म्हणाली. "तो येयसर आटपूक व्हया."

घराचा थाट बघण्यासारखा होता. भांडुपच्या या दोन खोल्यांत तिने वीस वर्षं बांगडे तळले होते, तो वास जावा म्हणून राजेशने तीन दिवस भिंती लिंबाच्या पाण्याने घासून घेतल्या होत्या. आता दोन-दोन दिवसांसाठी, येईल त्या पाहुण्याला घर भाड्याने जायचं होतं. पाहुण्यांना लागेल ते सगळं थोरल्याने हौसेने मांडलं होतं. न्हाणीघरात बोटाएवढे साबण, ओट्यावर चहा-साखरेच्या पुड्या, पाणी उकळायची स्टीलची किटली, इस्त्री, छत्री, डास मारायची बॅट, अगदी सुईदोरासुद्धा. राहिला होता तो फक्त राखणदार. घरात परकी माणसं निजवायची तर आधी जागेच्या राखणदार दैवताला कोंबडा द्यायचा, नाहीतर तो आपला वाटा घरातूनच उचलतो, हे शेवंतीला तिच्या सासूने सांगितलं होतं. घर देते, पण आधी राखण, एवढीच तिची अट होती. राजेश महिनाभर "हो गं, हो गं" करत राहिला. आज बारा वाजता पहिले पाहुणे येणार होते आणि राखण अजून दिलेली नव्हती.

तिने ओट्यावरची नवी सुरी घेतली, पुठ्ठ्याचं वेष्टन काढलं आणि दार सताड उघडून उंबऱ्याशी बसली. निलेशने कोंबड्याचे पाय धरले.

"बा राखणदारा, आज ह्या घरात परकी माणसा निजाक येतत. तेंका सांभाळ, माझ्या दोनय झिलांक सांभाळ..."

"व्हय म्हाराजा," निलेश म्हणाला. मुंबईत जन्मलेल्या निलेशला मालवणी येत होती ती एवढीच.

लिफ्टचं दार उघडलं. समोर राजेश, दोन्ही हातांत बाटल्यांचे खोके.

"आई! डोकं फिरलंय का तुझं?" त्याने खोके तिथेच टाकले. "शुद्ध शाकाहारी आहेत ती माणसं. या घरात कधी अंडं तरी शिजलंय का, दोनदा फोन करून विचारलं त्यांनी. मी नाही म्हणून सांगितलंय!"

"मगे खोटा बोललंस," शेवंती शांतपणे म्हणाली.

राजेशने निलेशच्या कानाखाली एक सणसणीत ठेवून दिली. "हे तुझेच धंदे!"

कोंबडा सुटला आणि फडफडत जिन्याने खाली पळाला.

"पाहुण्यांना डझनभर साबण आणलेस ना?" निलेश गाल धरून उठला. "आईला एक कोंबडा जड झाला तुला?"

"ऊठ, आई. ऊठ आधी तिथून!" राजेशने तिचा दंड धरून तिला वर ओढलं. तिचा पाय घसरला आणि कपाळ चौकटीवर आपटलं. आवाज असा झाला की समोरच्या घराचं दार उघडलं आणि लगेच बंदही झालं.

मग निलेश माणसात राहिला नाही. त्याने थोरल्याची कॉलर धरून त्याला आत फरफटवत नेलं आणि ओट्यावर दाबलं. चहाच्या पुड्या फरशीवर पसरल्या. राजेशच्या हाताला किटली लागली. त्याने ती धाकट्याच्या डोक्यात घातली, एकदा, दोनदा, भांडं चेपेपर्यंत. निलेशच्या कानामागून रक्त आलं, पण त्याने भावाचा गळा सोडला नाही. राजेशचे डोळे पांढरे व्हायला लागले. एका ताटात जेवलेली पोरं ही, आणि आता एकमेकांचा जीव घ्यायला निघाली होती.

"सोडा रे! मरतलो तो! सोडा!" शेवंती धडपडत उठली आणि दोघांच्या मधे घुसली. हातात सुरी आहे, याचं तिला भान नव्हतं. राजेशने जिवाच्या आकांताने हात झटकला आणि पातं त्याच्या मनगटापासून कोपराजवळपर्यंत फिरलं.

निलेशची पकड आपोआप सुटली. राजेशने आधी हाताकडे पाहिलं, मग आईकडे. दवाखान्यात जायचं म्हणून तो दाराकडे निघाला, पण उंबऱ्यापर्यंतच पोचला. तिथे त्याचे पाय गेले आणि तो चौकटीला टेकून खाली बसला. रक्त उंबऱ्यावर सांडायला लागलं. निलेशने अंगातला शर्ट काढून भावाच्या हाताला करकचून बांधला.

भिंतीवरचा इंटरकॉम वाजला. शेवंतीने तो उचलला. पाहुणे गेटवर आले आहेत, वर पाठवू का, असं वॉचमन विचारत होता. ती तो तसाच लोंबता सोडून दाराशी आली.

"निल्या," राजेश पांढऱ्याफटक ओठांनी म्हणाला, "आधी ते पूस रे. वर येतील ती माणसं."

निलेश रडत होता. त्याने फरशी पुसायचं फडकं आणलं आणि उंबऱ्याशी वाकला. शेवंतीने त्याचं मनगट धरलं.

"पुसू नको," ती म्हणाली. "त्याचो वाटो त्याना घेतल्यान. आता येवंदेत पावणे."