तिरपा घाव

गोखिवऱ्याच्या डोंगरात जंगलाचं संशोधन करायला आलेल्या दिघे साहेबांना चैत्या नावाच्या वारली आदिवासीने शिकवलं, "साहेब, झाड जमिनीलगत तोड, तिरपं तोड. मंग पानी साचत नाय, खोड कुजत नाय, झाड परत फुटतं."

साहेबांनी तीन वर्षं फुटवे मोजले, निबंध छापला, बढती मिळवली. निबंधात चैत्याचं नाव कुठेच नव्हतं.

वादळात चैत्याची झोपडी पडली. आईवेगळी दोन पोरं उघड्यावर आली म्हणून त्याने मेढीसाठी, झोपडीच्या खांबासाठी, सरकारी जंगलातलं ऐनाचं एक झाड तोडलं. खटला उभा राहिला. पण तोडताना कुणी पाहिलं नव्हतं, चैत्या सुटणारच होता.



तेवढ्यात दिघे साहेब साक्षीला उभे राहिले, "त्या खोडाला भरघोस फुटवे आलेत. असा घाव या डोंगरात फक्त चैत्याच घालतो."