दुसऱ्या नंबराची शिफारस

"या वर्षी मी ठरवलंय," डीनबाई म्हणाल्या, "विभागांवर विश्वास ठेवायचा."

भूगोलाच्या विभागप्रमुखांनी तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

इतकी वर्षं सगळं कसं सुरळीत चाललं होतं! पीएच.डी. झालेल्या एकाला दोन वर्षं पगारी शिकवायची फेलोशिप मिळायची. विभागाने दोन नावं क्रमाने पाठवायची आणि डीनबाईंनी पहिलं नाव खोडायचं. दर वर्षी, न चुकता. विभागवाले आपल्या लाडक्याला पहिल्या नंबरावर बसवतात, मी काही दूधखुळी नाही, असं त्यांचं म्हणणं. मग विभागवाले तरी कुठे दूधखुळे होते? जो हवा तो दुसऱ्या नंबरावर, आणि पहिल्यावर एखादा धट्टाकट्टा बकरा. शिपायापासून ग्रंथपालापर्यंत इमारतीत सगळ्यांना हे ठाऊक होतं, एका डीनबाईंना सोडून.

यंदाचा बकरा म्हणजे परिषदवीर. कुठेही परिषद भरली की हा गळ्यात ओळखपत्र अडकवून हजर. वर्गात मात्र दर्शन दुर्लभ. इमारतीत फिरकतच नसल्याने त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं; पहिला नंबर मिळाल्याचं कळताच त्याने नवा कोट शिवायला टाकला होता. दुसरी होती पेन्सिलबाई. केसांत कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. बिचारी तासांवर पैसे घेऊन शिकवत होती. नियमाप्रमाणे अर्ज करायचं तिचं हे शेवटचं वर्ष. यंदा हुकलं की मामाच्या फरशीच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरूनही गेलं होतं. दुसरा नंबर लागल्याचं ऐकून तिने विभागप्रमुख सरांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले होते.

आणि आता डीनबाई परिषदवीराचं शिफारसपत्र मोठ्याने वाचत होत्या.

"'असामान्य प्रज्ञा. विद्यार्थ्यांचा प्राण. असा शिक्षक पिढीतून एकदाच जन्माला येतो.' वा! आणि ही दुसरी... 'वक्तशीर आहे. अक्षर बरं आहे.' संपलं?"

"मॅडम, तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलायचं राहिलं..."

"काही नको. सगळं स्वच्छ दिसतंय." डीनबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

सरांनी तेहतीस कोटी देव आठवले. गप्प बसावं तर पोरगी बुडते, बोलावं तर आपलंच पितळ उघडं पडतं. पेन कागदाला टेकणार, तेवढ्यात ते जवळजवळ ओरडलेच, "मॅडम, आमच्यावर विश्वास ठेवू नका!"

पेन हवेतच थांबलं. मग सरांनी जे काही होतं ते सगळं भडाभडा सांगून टाकलं. डीनबाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा लाल होत गेला, मग हळूहळू उतरला.

"म्हणजे सात वर्षं तुम्ही मला उल्लू बनवत होतात?"

"पण मॅडम, तुम्ही निवडलेले सगळे चांगलेच निघाले ना?"

"निघाले. आणि ती मी माझी पारख समजत होते." डीनबाईंना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "सगळेच विभाग असं करतात?"

"मी आपलं भूगोलाचं सांगतोय," सर म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

"आणि आता खरं बोलताय हे कशावरून? उद्या येऊन म्हणाल, ही पण बकरीच होती!"

"शपथ घेतो, मॅडम."

"शपथ नको. पत्र लिहा." त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "इथे, माझ्यासमोर. आणि एकही विशेषण नको. तुमच्या विशेषणांचा मला वीट आलाय."

सरांनी 'अत्यंत' लिहिलं आणि खोडलं. 'क्वचितच' लिहिलं आणि तेही खोडलं. चांगले म्हणून जेवढे शब्द होते तेवढे त्या कोटवाल्यावर उधळून झाले होते. उरलं होतं ते एकच, आणि ते आठवताच त्यांनी पेन खाली ठेवलं. हे लिहायचं? इतक्या वर्षांची अब्रू आपल्याच हाताने वेशीला टांगायची? त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर पोरगी बसली होती आणि आपण दुसऱ्या नंबरावर आहोत या आनंदात कुणाचे तरी पेपर तपासत होती. सरांनी दात आवळले आणि एका दमात सगळं लिहून काढलं.

डीनबाई वाचायला लागल्या. "'मी तीस वर्षं भूगोल शिकवतो. समोच्च रेषांच्या, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या रेषांच्या, नकाशावर टेकडी कुठली आणि खड्डा कुठला, हे मला कधीच कळत नव्हतं. तो धडा मी दर वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारत आलो. दोन वर्षांपूर्वी हिच्या ते लक्षात आलं. हिने दार लावून घेतलं, भांड्यात अर्धा बटाटा ठेवला, बोट बोट पाणी वाढवलं आणि पाण्याच्या दर पातळीला बटाट्यावर रेघ मारली. असं आठ दिवस मला शिकवलं. आता मला कळतं. हिने हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.'"

डीनबाईंनी हसू दाबायला पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"हे फाइलला लागेल, सर. कार्यालयात चार जण वाचतील."

"वाचू देत."

डीनबाईंनी यादी ओढली आणि पहिलं नाव खोडलं. सात वर्षांचा सराव होता, रेघ सरळ आली.

"मग सही करा. खाली हुद्दा लिहा, पूर्ण."

सरांनी सही केली. हुद्द्यापाशी हात जरा अडला. मग त्यांनी सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं: विभागप्रमुख, भूगोल.