बुधवारचा उपवास

गोणपाटावर उताणा पडून हिम्मतराव गाडीखाली सरकला, तेव्हा त्याच्या मनात एकच होतं, खालचंही सगळं नीट निघू दे.

वरचं नीटच निघालं होतं. थंड इंजिन पहिल्याच प्रयत्नात बोललं. धूर निळा नव्हता, काळाही नव्हता. तेल बोटांवर चोळून पाहिलं तर त्यात लोखंडाचा कीस नव्हता. बशारत नवाबांची ही गाडी विलायती, लाल, शर्यतीच्या बांध्याची. बसायला दोनच माणसं आणि छप्पर मागे पडणारं. आबिड्सचे कापडवाले प्रतापराव मघापासून तिचं स्टिअरिंग धरून बसले होते. गाडी कशी आहे यापेक्षा, आपण तिच्यात कसे दिसू याचीच त्यांना घाई होती.

"झालं का हिम्मतराव? का डोळा लागला खाली?"

"झालंच, मालक."

येताना टांग्यात प्रतापरावांनी स्पष्टच सांगितलं होतं, "आज तुमचं ते उपवासाचं काढू नका. गाडी मला आवडलीय. घेतली की ती सांभाळायला तुम्ही. बंगल्यामागची खोली तुमची. औरंगाबादला जायचं कारणच उरणार नाही." हिम्मतराव गौलीगुड्याच्या बस डेपोत मिस्त्री होता, आणि फावल्या वेळात गिऱ्हाइकांना जुन्या गाड्या पारखून द्यायचा. येत्या एक तारखेला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार होते, आणि मराठी म्हणून त्याचं नाव औरंगाबादच्या यादीत लागलं होतं. त्याची बायको सुशीलाबाई याच शहरात जन्मलेली. यादी लागल्यापासून ती धड जेवत नव्हती. आणि पन्नाशी उलटल्यावर नवं गाव, नवा डेपो, नवे साहेब यांतलं हिम्मतरावाला काहीच नको होतं. फार दमला होता तो.

पुढच्या टायरांची आतली कड झिजलेली दिसली, म्हणून तो खाली शिरला होता. चासीवर, गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, सगळीकडे धूळ आणि तेलाचा थर, फक्त डाव्या पट्टीवर हातभर ताजा काळा रंग. त्याने नखाने खरवडलं. आत जोड होता. पट्टी मोडलेली, घाईघाईत जोडलेली, आणि जोडाच्या कडेने पुन्हा केसाएवढी चीर गेलेली. सावकाश चालवली तर वर्षभरही काही होणार नाही. भरधाव सोडली तर आजही होईल.

नवाबाचा त्याला संताप आला. एवढा खानदानी माणूस, आणि रंग फासून माल विकतो! मग स्वतःचाही आला, कारण खरवडलेल्या जागी चिखल चोपडावा असं क्षणभर त्याच्याही मनात येऊन गेलं होतं.

बशारत नवाबांच्या दिवाणखान्यात चहा आला. मालकाच्या घरात बसून त्याच्या मालाला नावं ठेवायची नाहीत, अशी पारखणाऱ्या मिस्त्रींची रीत होती. मिस्त्रीने चहा घेतला की सौदा करावा. 'आज उपवास आहे' म्हणाला, की गिऱ्हाइकाने हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलून उठावं. कोणाची बेअब्रू नको, वादावादी नको. प्रतापराव आपला कप तोंडाला लावून त्याच्याकडेच पाहत होते.

चहाला वेलदोड्याचा वास होता. सकाळपासून हिम्मतरावाच्या पोटात काही नव्हतं.

"माफ करना हुजूर," तो म्हणाला, "आज उपवास है."

"बुधवारी?" प्रतापराव ताडकन म्हणाले. "बुधवारी कसला उपवास?"

नवाबच मध्ये पडले. "होता है भाई, जिसका जो अकीदा." मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहून हाक दिली, "मिस्त्री साहब के वास्ते सीताफल लाओ. उपवास में फल चलता."

प्रतापरावांनी अर्धा कप खाली ठेवला. हवापाण्याचं ते काही बोलले नाहीत. सलाम केला, आणि दाराशी वळून मराठीत म्हणाले, "खोलीचं विसरा. औरंगाबादची हवा चांगली आहे म्हणतात." टांगा हिम्मतरावाला न घेताच गेला.

गेली खोली. सुशीलाबाईला आता काय सांगायचं? हिम्मतराव सीताफळ खात बसला. ते गोड लागत होतं, याचीही त्याला लाज वाटली.

"मिस्त्री," नवाब म्हणाले, "आप पाँचवें हैं. पाँच आए, पाँचों का उपवास. गाडी में ऐब है, इत्ता तो मैं समझ गया. पर ऐब क्या है, कोई नहीं बोलता."

हिम्मतरावाने मान वर केली. "हुजूर को मालूम नहीं?"

"मैं मोटर का क्या जानूँ? सब दामाद देखते. वो बोलते, गाडी अव्वल है." नवाब थकल्यासारखे हसले. "नहीं बिकी तो नहीं बिकी. वो बेटी को लेको गंडीपेट के तालाब पे जाते उसमें. क्या भगाते हैं, तौबा! आज सुबह से आपके वास्ते रुके थे."

बाहेर पोर्चमध्ये इंजिन सुरू झालं. बांगड्या वाजल्या, कोणीतरी खळखळून हसलं.

हिम्मतराव उठला. तोंडातल्या बिया त्याने नवाबांच्या गालिच्यावरच थुंकल्या आणि दुखरा गुडघा ओढत अनवाणी धावत सुटला. लाल गाडी फाटकाशी वळत होती. तीस वर्षांत जे त्याने कोणाच्याही घरात उच्चारलं नव्हतं, ते तो छाती फुटेस्तोवर ओरडला, "रोको! गाडी टूटी हुई है!"