शेवटच्या प्रकरणातली नदी

"तिला बुडवू नकोस रे," दाजींनी पुन्हा विनवलं.

कादंबरीकाराने मान हलवली. "नवऱ्याला सोडून गेलेली बाई आहे, दाजी. देवाने जोडलेलं तिने तोडलं. पापाचं वेतन मरण. वाचकांनाही तेच हवंय."

टेबलावर साप्ताहिकासाठी लिहिलेल्या शेवटच्या प्रकरणाची पानं होती. गोष्ट कोणाची, हे चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. कादंबरीकाराची थोरली बहीण गेल्या हिवाळ्यात दाजींचं घर सोडून गेली, ती परतलीच नाही. सख्ख्या भावाने तिची कादंबरी केली, आणि तीही अशी! पुरुष कादंबरीकारांचं हे नेहमीचंच. बाईला पापात पाडायला त्यांना एक पान पुरतं. वर काढायची वेळ आली की शाई संपते.

दाजी मात्र मऊ झाले होते. "प्रभू येशूने त्या व्यभिचारी बाईवरही दगड टाकला नाही, मग तू कशाला टाकतोस? मी तिला क्षमा केलीय. शेवटी तिला घरी आण."

असा नवरा विरळाच.

"आणि तो नवऱ्याने तिचं मनगट मोडल्याचा प्रसंग काढ," दाजी हळूच म्हणाले. "लोकांचा उगाच गैरसमज होतो."

"तो काढतो. पण ती परत येणार नाही. मी झालेलंच लिहितो, दाजी. मनचं काही रचायला मला जमत नाही, अख्ख्या मंडळीला माहीत आहे."

तेही खरंच होतं. चर्चचे पाळकसाहेब तर त्यावरून त्याची चारचौघांत थट्टा करायचे.

दाजींनी शेवटचं पान उचललं. पूल, नदी, काठावर सापडलेली शाल. वाचता वाचता ते थांबले.

"म्हणजे हे... खरंच?"

कादंबरीकाराने मान खाली घातली. "प्रेत मिळालं नाही. पाण्याला फार ओढ होती."

दाजींनी पान खाली ठेवलं. "मग आता शोधण्यात अर्थ नाही," असं म्हणून ते उठले, मेव्हण्याच्या पाठीवर हात ठेवला आणि निघून गेले.

काळीज आहे की धोंडा! बहीण गेल्याचं सांगताना याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

दाजी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो खिडकीत उभा राहिला. मग त्याने दाराला कडी घातली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली,

"ताई, बुडालीस एकदाची. ये बाहेर."