बुंध्यातली घोडागाडी

फोटो मिसेस हार्डिंगचा होता, आणि मिसेस हार्डिंगना जाऊन पाच आठवडे झाले होते.

"मावशीनं सांगून ठेवलं होतं, हा शेजारच्या डॉक्टरांना द्यायचा," त्यांची भाची दारातूनच म्हणाली आणि गाडीकडे वळली.

मीनल फोटो घेऊन दारातच उभी राहिली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा, तपकिरी पडलेला. अमेरिकेतलं कुठलंतरी जंगल. एका राक्षसी सिकोया वृक्षाच्या बुंध्यात आरपार बोगदा कोरलेला आणि त्यात घोडागाडी उभी. गाडीत हॅटवाले पुरुष, लांब झग्यातल्या बायका. सगळे सहलीला आलेले, कॅमेऱ्याकडे बघणारे. झाडाचा शेंडा फोटोत मावलाच नव्हता. मागे पेन्सिलनं इंग्रजीत लिहिलेलं: डॉक्टर, तुमचं झाड सांभाळा.

मीनल इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होती. शेजारची डॉक्टर म्हणजे तीच. पण झाड सांभाळा? हे त्या बाईंनी तिला सांगावं? हा टोमणा होता की काय?

तसलाच एक सिकोया मीनलच्या मागच्या अंगणात होता. कुणा हौशी प्रवाशानं बी आणून लावलेला, दीडशे वर्षांचा. त्याला कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, संरक्षण होतं. तो पाडल्याशिवाय खाली खोली काढता येत नव्हती आणि सासऱ्यांना, शशिधररावांना, आता जिना चढवत नव्हता. मीनलनं दोनदा परवानगी मागितली. दोन्ही वेळा कुणीतरी लेखी हरकत घेतली, दोन्ही वेळा अर्ज नामंजूर झाला. वेबसाइटवर हरकत घेणाऱ्याचं नाव झाकलेलं असे. पण झाकून काय उपयोग? झाडाला लागून घर होतं ते एकट्या मिसेस हार्डिंगचं. मीनलनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्या कुंपणापलीकडून हात करायच्या, ही मान खाली घालून आत यायची. अंत्यविधीलाही ती गेली नाही. सासरेच तेवढे टॅक्सी करून गेले.

आणि आज सकाळी तिसऱ्या अर्जावर कौन्सिलची ईमेल आली होती. पुन्हा हरकत.

ती लॅपटॉप घेऊन बैठकीत आली. शशिधरराव चहा पीत होते. सांगलीत चाळीस वर्षं दवाखाना चालवलेला माणूस. बायको गेल्यावर तीन वर्षांपूर्वी नंदूकडे, मुलाकडे, राहायला आलेला.

"बाबा, हे बघा. हरकत मागच्या सोमवारची आहे. वाक्यसुद्धा मागच्या दोन्ही वेळचंच, हे झाड आपल्या सगळ्यांपेक्षा वडील आहे. गेलेली बाई पत्र कसं लिहील? आणि वर हा फोटो माझ्या नावानं! माझं तर डोकंच चालेनासं झालंय."

शशिधररावांनी कप खाली ठेवला आणि हात पुढे केला.

"फोटो तुझा नाही, मीनल. माझा आहे. गाडीत बसलेत ते त्यांचे पणजोबा. मी त्यांच्याकडे जाऊन बघत बसायचो."

मीनलनं फोटो दिला. मग हळूच विचारलं, "आणि हरकत?"

"तीही माझीच. तिन्ही माझ्या."

ती समोरच्या खुर्चीवर बसली. "अहो बाबा, खोली तुमच्यासाठी होती! नको, एवढं म्हणायचं होतंत मला."

"तुमच्या घरात राहून तुम्हाला नको कसं म्हणू? तू इतक्या हौसेनं नकाशे दाखवायचीस. खिडकीतून ते झाड दिसलं की माझी सकाळ होते, हे तुला सांगायला जीभ रेटेना. कौन्सिलला लिहिणं सोपं गेलं."

मीनलनं खिडकीबाहेर पाहिलं. दोन वर्षांचा अबोला. कुंपणापलीकडचा तो वर केलेला हात.

"त्यांना माहीत होतं? मग मला एका शब्दानं बोलल्या का नाहीत?"

"मीच सांगू नका म्हटलं होतं."

"निदान त्यांचंही झाडावर प्रेम होतं, म्हणून गप्प राहिल्या असतील—"

"प्रेम?" शशिधररावांनी फोटोवरून बोट फिरवलं. "छे गं. त्यांना ते झाड कधीच नको होतं. त्याच्या सावलीपायी भर दुपारीसुद्धा किचनमध्ये दिवा लावून बसायच्या बिचाऱ्या."