टाचेचं अक्षर

"हे. हेच पाहिजे," म्हणत चिदंबरनं छापखान्यातल्या खणात हात घातला आणि लाकडी टाइपांतून शाईनं काळाकुट्ट झालेला एक इंग्रजी 'सी' उचलला.

शंभूरावांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "ते नको, सायेब. लग्नाचं तिरपं अक्षर आहे, नाटकाचं गोल आहे. हे टाचेचं मयताला लावतो आम्ही."

"मग काय झालं?"

"या अग्रहाराच्या वस्तीत कोण गेलं ते भिंतीवरच्या याच अक्षरावरून कळतं. वडिलांपासून दुसरं काही छापलं नाही त्यात. लांबून दिसलं की माणसं चपला काढतात. नाव मागाहून वाचतात."

"वाचतात ना? मग आयतु, झालं तर."

अक्षर होतंच तसं. दांडा मनगटासारखा जाड, जोड केसासारखा बारीक आणि प्रत्येक दांड्याच्या बुडाला सपाट टाच. ओळीत कुठंही बसवा, पाय रोवून उभं राहणार. मोतीबिंदू झालेले डोळेसुद्धा रस्त्यापलीकडून वाचत.

चिदंबर वॉर्डाचा पुढारी. त्याला वाढदिवसाची पोस्टरं हवी होती. फ्लेक्सला बंदी, आणि प्रचार सांभाळणाऱ्या रक्षितानं त्याच्या डोक्यात भरवलेलं, की सर, हल्ली हेरिटेज चालतं. जाड टाचेचं अक्षर, काळी शाई, पिवळट कागद. चालतंच. साबणवाले, कॉफीवाले, बिल्डर, सगळे आता म्हाताऱ्या अक्षरांचं सोंग घेतात. आणि जुनं पाडणारे त्यात सगळ्यात पुढे. शंभूरावांच्या छापखान्यासकट अकरा दुकानांची ओळ याच चिदंबरनं घरमालकाकडून परस्पर विकत घेतली होती. उगादीच्या सणानंतर पाडायची, कॉम्प्लेक्स उठवायचं. दुकानांच्या मागच्या खोल्यांत अकरा बिऱ्हाडं होती. ती कुठं जाणार, हे त्यानं विचारलं नव्हतं.

"नाव मोठं. खाली फोटो. शुभेच्छा वगैरे बारीक," तो म्हणाला आणि फोटो पुढे केला. सत्काराचा होता. गळ्यात गुलाबाचा हार, हात जोडलेले.

शंभूराव फोटोकडे बघतच राहिले. "अजून एकदा सांगतो, सायेब."

"शंभण्णा, तुम्ही छापा. अक्कल माझी मी बघतो."

दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगावं असं त्या माणसानं त्यांचं काही भलं केलं नव्हतं. त्यांनी छापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या भिंतीवर पोस्टर लागलं. दूधवाल्यानं चप्पल काढली. फुलवाल्यानं काढली. शेजारच्या शिलाईच्या दुकानातल्या अंबूताई मशीन सोडून बाहेर आल्या, पदर सावरून हात जोडून उभ्या राहिल्या.

"परवा तर बघितला होता," त्या म्हणाल्या.

"हार्ट असणार," फुलवाला म्हणाला.

शंभूराव छापखान्याच्या दारातून म्हणाले, "अंबूताई, खालचं बारीक वाचा की."

"खालचं काय वाचायचं, शंभूदादा? सगळ्यांचं एकच असतं."

मग त्यांनी वळून दुकानांच्या ओळीकडं बघितलं. फुलवाल्यानंही बघितलं. दोघांच्या मनात काय आलं ते दोघांनाही कळलं. अंबूताई आत गेल्या आणि त्यांनी रवा भाजायला घेतला.

दहाच्या सुमाराला चिदंबरची जीप नाक्यावर थांबली. पोस्टरापुढं माणसं अनवाणी उभी होती, हात जोडून, खाली मान घालून. इतकी वर्षं पैसे वाटून गर्दी जमवली, पण असं कुणी उभं राहिलं नव्हतं. जीप सोडून तो पायीच गल्लीत शिरला. तिथं अंबूताई द्रोणातून केसरीभात, रव्याचा केशरी शिरा, वाटत होत्या. आपल्या वाढदिवसाला गोडधोड, तेही या ओळीतल्या माणसांनी. त्यानं सगळ्यांबरोबर हात पुढे केला.

अंबूताईंनी मान वर न करता द्रोण ठेवला. "घ्या, तोंड गोड करा. गल्ली वाचली."

मग त्यांनी वर बघितलं.

"अय्यो," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही?"

चिदंबर द्रोण घेऊन उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्याला चपलांचा अर्थ लागला. फोटोतल्या हाराचा लागला. केसरीभाताचा सगळ्यात शेवटी लागला. तो तसाच छापखान्यात शिरला.

"दुसरं पोस्टर काढा. मी जिवंत आहे म्हणून. आत्ताच्या आत्ता."

शंभूरावांनी शाईचा रूळ उचलला. "कुठल्या अक्षरात?"

चिदंबरनं एकदा बाहेर बघितलं. "त्याच. दुसरं कोण वाचतंय इथं?"

दुपारी दुसरं पोस्टर लागलं. माणसं पुन्हा जमली. सवयीनं चपला निघाल्या. या वेळी सगळ्यांनी खालचं बारीकसुद्धा वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. अंबूताईंनी उरलेला केसरीभात झाकून ठेवला. फुलवाला तिथंच पायरीवर बसला.

संध्याकाळी त्या ओळीतल्या अकराही बिऱ्हाडांत चूल पेटली नाही.